शेजारच्या समुद्रांत सपाट डेकच्या नौका वाढत आहेत, आपण तिसरी विमानवाहू नौका बांधावी का?

टिळकवाडीकर

मंडळी, गेल्या रविवारी अणशी घाट उतरून कुटुंबासह कारवारला गेलो होतो. किनाऱ्यावर जतन करून ठेवलेली 'चपळ' ही क्षेपणास्त्र नौका पाहताना आठवीतल्या मुलाने विचारले, "बाबा, एवढ्याशा नौकेवरून क्षेपणास्त्र सुटते, तर इथल्या नौदलाच्या कदंब तळावरची ती मोठी विमानवाहू नौका कशासाठी?" मला त्याला समाधानकारक उत्तर देता आले नाही. परत येताना रामनगरपर्यंत हाच विषय डोक्यात घोळत राहिला, म्हणून हा धागा काढत आहे.

चीनने २०१२ मध्ये 'लिआओनिंग', २०१९ मध्ये 'शांदोंग' आणि २०२५ च्या नोव्हेंबरात विद्युतचुंबकीय कॅटापल्ट (विमानाला ओढून वेग देणारी यंत्रणा) असलेली 'फुजियान' अशा तीन विमानवाहू नौका सेवेत घेतल्या. जपान आपल्या 'इझुमो' आणि 'कागा' या हेलिकॉप्टर नौकांवर एफ-३५बी विमाने उतरवण्याची तयारी करत आहे. ऑस्ट्रेलिया, दक्षिण कोरिया, तुर्कस्तान, इजिप्त आणि थायलंड यांच्याकडेही सपाट डेकच्या, म्हणजे विमाने किंवा हेलिकॉप्टर उडवता येतील असा मोकळा माथा असलेल्या, नौका आहेत. आपल्याकडे 'विक्रमादित्य' आणि नवी 'विक्रांत' अशा दोन आहेत. तिसरी असावी, असे माझे आजवरचे मत आहे. या विषयाची जाण असणाऱ्यांनी नीट, सविस्तर लिहावे ही विनंती.

उद्यमबाग

चांगला विषय काढलात. मी फाउंड्रीत काम करणारा माणूस असल्यामुळे पोलादाच्या बाजूने लिहितो. नव्या 'विक्रांत'चे काम सुरू झाले तेव्हा लागणारे खास पोलाद बाहेरून वेळेवर मिळेना. त्यामुळे हैदराबादच्या संरक्षण धातुशास्त्र प्रयोगशाळेने आणि स्टील अथॉरिटीने मिळून डीएमआर २४९ जातीचे पोलाद देशातच तयार केले. या नौकेसाठी सुमारे ३०,००० टन प्लेटा भिलाई, बोकारो आणि राउरकेला येथून गेल्या. आमच्या भट्टीत एका हीटचे, म्हणजे एका वेळी वितळवलेल्या धातूचे, रसायन थोडे बिघडले तर ती पूर्ण ओतणी बाजूला काढावी लागते, त्यामुळे इतक्या प्लेटांत एकसारखा चिवटपणा राखणे म्हणजे काय, हे मला चांगले कळते. ते पोलाद आता नौदलाच्या इतर युद्धनौकांसाठीही वापरले जाते. हे सारे कौशल्य हाताशी असताना दहा-पंधरा वर्षे काही न बांधता बसलो, तर गोदीतले वेल्डर पांगतील आणि पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करावी लागेल. म्हणून तिसरी बांधावीच, असे मला वाटते.

खानापूरकर

उद्यमबाग दादा, तुमच्या पोलादाबद्दल आदर राखून विरोधी मत मांडतो. ५ लाखांच्या ट्रॅक्टरसाठी ५० लाखांची शेती गहाण टाकावी, असा हा व्यवहार होऊ नये. नव्या 'विक्रांत'ला सुमारे २०,००० कोटी रुपये लागले. तिच्यावर आणि 'विक्रमादित्य'वर ठेवण्यासाठी २०२५ च्या एप्रिलमध्ये २६ राफेल-एम विमानांचा करार झाला, तो शस्त्रे आणि प्रशिक्षण धरून सुमारे ६३,००० कोटींचा आहे. म्हणजे नौकेच्या तिप्पट पैसे विमानांना लागले. शिवाय अशी नौका एकटी बाहेर पडत नाही. विनाशिका, फ्रिगेट, पाणबुडी आणि इंधनाचा टँकर असा ताफा बरोबर लागतो, आणि त्यातला मोठा भाग तिच्याच राखणीत अडकून पडतो.

१९८२ चे ब्रिटन आणि अर्जेंटिना यांच्यातले फॉकलंड बेटांचे युद्ध आठवा. ब्रिटनच्या 'काँकरर' पाणबुडीने २ मे रोजी अर्जेंटिनाची 'जनरल बेलग्रानो' ही क्रूझर बुडवली, आणि त्यानंतर अर्जेंटिनाची विमानवाहू नौका बंदरात परतली ती युद्ध संपेपर्यंत बाहेर आली नाही. एका पाणबुडीच्या धाकाने एवढी मोठी नौका जागच्या जागी थांबली. त्याच पैशांत आपण पाणबुड्या बांधाव्यात.

कंग्राळीचा नाविक

मी 'विराट' या आपल्या जुन्या विमानवाहू नौकेच्या फ्लाइट डेकवर अनेक वर्षे काम केले आहे, त्यामुळे राहवत नाही म्हणून लिहितो. खानापूरकरांचे आकडे बरोबर आहेत आणि त्यांची भीतीही खरी आहे. पण त्याच युद्धाची दुसरी बाजू त्यांनी सांगितली नाही. ब्रिटनच्या ताफ्याची त्या युद्धातली मुख्य नौका 'हर्मिस' होती, आणि तीच पुढे १९८७ मध्ये आपली 'विराट' झाली. ब्रिटनपासून जवळपास तेरा हजार किलोमीटर दूर, जिथे त्यांच्या जवळचा एकही उपयोगी विमानतळ नव्हता, तिथे सी हॅरियर विमाने तिच्यावरून आणि 'इन्व्हिन्सिबल' या दुसऱ्या विमानवाहू नौकेवरून उडाली नसती, तर ते बेटांवर सैन्य उतरवू शकले नसते.

लोकांना डेकची कल्पना यावी म्हणून एक गोष्ट सांगतो. उड्डाणे सुरू होण्याआधी आम्ही सगळे डेकवर खांद्याला खांदा लावून एका रांगेत उभे राहायचो आणि मान खाली घालून पुढच्या टोकापासून मागच्या टोकापर्यंत हळूहळू चालायचो. एखादा वॉशर, तारेचा तुकडा, रंगाची खपली जे दिसेल ते उचलून खिशात घालायचे, कारण तो वॉशर इंजिनाने आत ओढला तर विमान आणि वैमानिक दोन्ही जाऊ शकतात. एकदा एका नव्या मुलाला बुटाच्या तळव्याखाली अडकलेली एक छोटी पिन सापडली, तेव्हा आमच्या चीफनी त्याची पाठ थोपटून ती पिन सगळ्यांना दाखवली होती. समुद्र खवळलेला असो किंवा ऊन चाळीस अंशांच्या वर असो, हे चालणे कधी चुकले नाही. अशी सवय अंगी भिनायला एक पिढी जाते. ज्या देशाने आज पहिली सपाट नौका घेतली, त्याला हे सगळे मुळापासून शिकावे लागणार आहे.

निपाणीची ताई

नाविक काका, तुमचा प्रतिसाद मी दोनदा वाचला. मी शाळेत इतिहास शिकवते, म्हणून आपल्याच भागातील एक दाखला देते. १९६१ च्या डिसेंबरात गोवा मुक्त करताना १७ वी इन्फंट्री डिव्हिजन बेळगावच्या बाजूने मोलेमच्या दिशेने गेली, आणि १८ डिसेंबरला बेळगावजवळच्या आपल्या सांबऱ्याच्या धावपट्टीवरून उडालेल्या हंटर विमानांनी बांबोळीचे वायरलेस केंद्र निकामी केले. त्याच वर्षी ४ मार्चला बेलफास्ट येथे नौदलात दाखल झालेली जुनी 'विक्रांत' त्या वेळी गोव्यापासून काही अंतरावर समुद्रात गस्त घालत होती. सांबरा एवढे जवळ असल्यामुळे जमिनीवरील विमानांनीच ते काम पूर्ण केले.

दहा वर्षांनी, १९७१ मध्ये, चित्र अगदी उलट झाले. त्या वेळी 'विक्रांत'च्या एका बॉयलरला तडा गेलेला होता आणि तिला पूर्ण वेगाने चालवता येत नव्हते. तरीही तिला बंगालच्या उपसागरात नेण्याचा निर्णय झाला, आणि तिच्यावरून उडालेल्या सी हॉक आणि अलिझे विमानांनी कॉक्स बाजार, चितगाव, खुलना आणि मोंगला येथील तळांवर आणि बंदरांवर हल्ले केले. समुद्रमार्गे कोणी आत येऊ शकले नाही आणि बाहेरही जाऊ शकले नाही.

एकाच नौकेचे हे दोन अनुभव शेजारी ठेवून पाहिले, तर आपण कोणत्या समुद्रात, कोणत्या कामासाठी जाणार आहोत हे आधी ठरवावे लागते, असे मला वाटते.

येळ्ळूर

ताई, सांबऱ्याच्या हंटर विमानांची गोष्ट मी आजोबांकडून ऐकली होती. ते तेव्हा शेतात होते आणि विमाने डोक्यावरून गेली तेव्हा बैल दावे तोडून पळाले होते, असे ते सांगत. आज तिचा संदर्भ समजला. धन्यवाद.

बिदरहून

आमच्याकडून समुद्र फार लांब आहे, पण विषय आवडीचा आहे. धागाकर्त्यांनी इतर देशांची नावे एका ओळीत घेतली, त्यातील प्रत्येकाचे कारण मात्र वेगळे आहे.

तुर्कस्तानने 'अनादोलू' ही नौका एफ-३५बी विमाने डोळ्यांसमोर ठेवून बांधायला घेतली होती. रशियाकडून हवाई संरक्षण यंत्रणा घेतल्यामुळे २०१९ मध्ये अमेरिकेने तुर्कस्तानला त्या विमानाच्या कार्यक्रमातून बाहेर काढले. तेव्हा त्यांनी हात टेकले नाहीत. २०२३ च्या एप्रिलमध्ये नौका सेवेत घेतली आणि पंख दुमडणारे 'बायरक्तार टीबी-३' हे ड्रोन तिच्यासाठीच तयार केले. २०२४ च्या नोव्हेंबरात ते ड्रोन तिच्या छोट्या डेकवरून उडाले आणि परत त्यावरच उतरले. इराणने तर २०२५ मध्ये एका जुन्या मालवाहू जहाजावर डेक चढवून ड्रोनवाहू नौका तयार केली. चीनची 'सिचुआन' ही उभयचर (सैन्य आणि वाहने किनाऱ्यावर उतरवणारी) नौका २०२४ च्या डिसेंबरात पाण्यात उतरली, तिच्यावरही कॅटापल्ट आहे.

इजिप्तची गोष्ट आणखी वेगळी आहे. फ्रान्सने दोन 'मिस्त्राल' या हेलिकॉप्टरवाहू नौका रशियासाठी बांधल्या होत्या. रशियाने युक्रेनचा क्रिमिया घेतल्यामुळे २०१५ मध्ये तो व्यवहार मोडला आणि तयार नौकांना गिऱ्हाईक शोधताना इजिप्त पुढे आला. इजिप्तने त्यांच्यासाठी रशियाकडूनच कामोव्ह हेलिकॉप्टर घेतली. ड्रोनमुळे पुढील काळात खर्चाचे गणित बदलेल, असे मला वाटते. ६३,००० कोटींची विमाने प्रत्येक डेकवर लागतीलच असे नाही.

खानापूरकर

बिदरकर सर, ड्रोन पाळत ठेवतील, लहान लक्ष्यावर हल्लाही करतील, पण समोरून लढाऊ विमाने आली तर आज तरी ते ताफ्याचे रक्षण करू शकत नाहीत. मग ताफा किनाऱ्यावरील विमानांच्या पल्ल्यात राहणार, आणि तसे असेल तर एवढी मोठी नौका कशाला, हा प्रश्न पुन्हा तिथेच येतो.

निपाणीच्या ताईंचा १९७१ चा दाखला मला मान्य आहे. त्यात एवढीच भर घालतो की, 'विक्रांत'च्या शोधात निघालेली 'गाझी' ही पाकिस्तानी पाणबुडी विशाखापट्टणमजवळ बुडाली. ती बुडाली नसती तर काय झाले असते, याचाही विचार व्हावा.

शहापूर

थायलंडचा विषय कोणी काढला नाही, म्हणून मी लिहितो, कारण या चर्चेतला सर्वांत मोठा धडा मला तिथे दिसतो. 'चक्री नरुएबेत' ही विमानवाहू नौका स्पेनने बांधून दिली आणि ती १९९७ मध्ये सेवेत आली. साधारण ११,५०० टनांची, एकशे ऐंशी मीटरच्या आसपास लांबीची, दिसायला सुबक नौका आहे. तिच्याबरोबर स्पेनकडूनच जुनी हॅरियर विमाने घेतली होती. त्याच वर्षी थायलंडवर मोठे आर्थिक संकट कोसळले, चलन घसरले आणि नौकेला समुद्रात न्यायला इंधनाचेही पैसे पुरेनात. हॅरियरचे सुटे भाग मिळेनासे झाले. दोन वर्षांत त्यातील जेमतेम एक विमान उडण्याच्या अवस्थेत उरले आणि २००६ मध्ये ती सगळी निवृत्त झाली. तेव्हापासून ती नौका हेलिकॉप्टर घेऊन फिरते. २००४ च्या त्सुनामीनंतर आणि नंतरच्या पुरांत तिने मदतकार्य केले, ते चांगलेच झाले, पण ती त्यासाठी घेतलेली नव्हती.

माझे वडील गिरणीत होते. नवे यंत्र आणताना मालक आधी विचारायचे, "फिटर कोण आहे आणि स्पेअर कुठून येणार?" मला हाच प्रश्न इथे महत्त्वाचा वाटतो.

कंग्राळीचा नाविक

शहापूरकर, तुमच्या वडिलांच्या मालकांचा प्रश्न प्रत्येक नौदलाने भिंतीवर लिहून ठेवावा असा आहे. आमच्या 'विराट'वरही सी हॅरियरचे शेवटचे दिवस आम्ही पाहिले. एका विमानाचा भाग काढून दुसऱ्याला लावायचा, असे करत तंत्रज्ञांनी ती विमाने २०१६ च्या मे महिन्यापर्यंत जगवली. पुढच्या वर्षी ६ मार्चला नौकाही निवृत्त झाली. ती गुजरातेत अलंगला तोडली गेली, त्या दिवशी मी घरात कोणाशी बोललो नाही.

खानापूरकरांच्या पाणबुडीच्या मुद्द्यावर एवढेच सांगतो की, सतत दिशा आणि वेग बदलणारी नौका शोधणे सोपे नसते. २० नॉट वेगाने चालली तरी ती एका दिवसात ४८० सागरी मैल, म्हणजे जवळपास ८९० किलोमीटर सरकते. काल जिथे होती तिथे आज नसते. बेटावरची धावपट्टी मात्र कायम एकाच जागी असते.

सांबरा रोड

काका, नौकेवर उतरताना विमान एवढ्या कमी जागेत थांबते कसे? आमच्या सांबऱ्याची धावपट्टी २,३०० मीटर आहे.

कंग्राळीचा नाविक

'विराट'वर हॅरियर हवेत स्थिर होऊन सरळ खाली उतरायचे, म्हणून तिथे तारा नव्हत्या. 'विक्रमादित्य' आणि नवी 'विक्रांत' यांच्या तिरप्या डेकवर तीन पोलादी तारा आडव्या ताणलेल्या असतात. विमानाच्या शेपटीखालचा हुक त्यांपैकी एका तारेत अडकतो, आणि तारेचे टोक खाली असलेल्या यंत्रणेला जोडलेले असल्यामुळे विमान सावकाश न थांबता दोन-तीन सेकंदांत जागेवर येते. चाके टेकताच वैमानिक इंजिनाची शक्ती कमी करत नाही, उलट वाढवतो, कारण हुक चुकला तर पुन्हा उडता आले पाहिजे. उडताना पुढचा उंच केलेला भाग, म्हणजे स्की-जंप, विमानाला वर फेकतो. पण ओढून वेग देणारी यंत्रणा नसल्यामुळे विमानाला पूर्ण इंधन आणि शस्त्रे घेऊन उडणे कठीण जाते. 'फुजियान'वरील कॅटापल्टचा फायदा तिथे आहे. तो जड विमानांनाही ओढून वेग देतो, म्हणून त्यांची रडारवाहू विमानेही डेकवरून उडू शकतात. आपल्याकडे ते काम हेलिकॉप्टर करतात. ही उणीव मला सर्वांत जास्त खटकते.

हल्याळकर

सगळे जण लढाऊ विमानांवर बोलत आहेत, उभयचर नौकांकडे कोणी वळत नाही, याचे आश्चर्य वाटते. ऑस्ट्रेलियाच्या 'कॅनबेरा' आणि 'अ‍ॅडलेड' घ्या. मूळ स्पॅनिश आराखड्यातला स्की-जंप त्यांच्यावर तसाच आहे, पण ऑस्ट्रेलियाने तिथून लढाऊ विमाने उडवण्याचा मार्ग पत्करला नाही. पॅसिफिकमधील बेटांवर वादळे, भूकंप आणि ज्वालामुखी यांच्या वेळी सैन्य, दवाखाना आणि पाणी पोहोचवणे हे त्यांचे काम आहे. या नौकांच्या मागच्या भागात एक मोठे दालन असते. नौकेच्या टाक्यांत पाणी भरले की मागची बाजू खाली जाते, दालनात समुद्र शिरतो आणि आत ठेवलेल्या बोटी रणगाडे व ट्रक घेऊन तरंगत बाहेर पडतात. जिथे बंदरच उरलेले नाही, तिथे याच पद्धतीने सामान उतरवता येते.

आपल्याकडे २००७ मध्ये अमेरिकेकडून घेतलेली 'जलाश्व' एकटीच एवढी मोठी आहे. २०२० च्या मे महिन्यात तिने मालदीवमधील मालेहून ६९८ भारतीयांना कोचीला आणले. अशा चार नौका बांधण्याची योजना दहा वर्षांहून अधिक काळ कागदावर फिरत आहे. २०१३ मध्ये मागवलेल्या निविदा रद्द झाल्या आणि २०२१ मध्ये पुन्हा पहिल्या पायरीवरून सुरुवात झाली.

२०१९ च्या ऑगस्टमध्ये कृष्णेला पूर आला तेव्हा मी अथणी भागात नातेवाइकांकडे अडकलो होतो. रस्ता, पूल, वीज काहीच उरले नव्हते. छपरावर बसून आम्ही बोटीची वाट पाहत होतो आणि बोट आल्यावर पहिला डबा दुधाचा उतरला, तो क्षण मी विसरलेलो नाही. अंदमानात किंवा लक्षद्वीपमध्ये असे झाले तर तिथे पोहोचणार कोण, हा विचार मला अस्वस्थ करतो. म्हणून माझे मत, तिसऱ्या विमानवाहू नौकेआधी या चार नौका.

उद्यमबाग

हल्याळकर, तुमचा प्रतिसाद वाचून मी माझ्या मताचा फेरविचार करत आहे. गोदीतले कौशल्य टिकवायचे असेल तर ते उभयचर नौका बांधूनही टिकेल. पोलाद तेच, वेल्डर तेच.

निपाणीची ताई

जपानबद्दल राहिले होते. 'इझुमो' २०१५ मध्ये आणि 'कागा' २०१७ मध्ये सेवेत आली. त्यांच्या राज्यघटनेच्या नवव्या कलमामुळे आक्रमक शस्त्रे बाळगण्यावर मर्यादा आहे, म्हणून २४८ मीटर लांबीच्या या नौका सेवेत घेताना त्यांनी त्यांना हेलिकॉप्टरवाहू विनाशिका म्हटले. २०२१ च्या ऑक्टोबरात अमेरिकी मरीनची एफ-३५बी विमाने 'इझुमो'वर उतरली. 'कागा'चे पुढचे टोक नंतर चौकोनी करून घेतले. आधी मोठी हेलिकॉप्टर नौका घ्यायची, लोक शिकवायचे, मग विमाने आणायची, अशी पायरीपायरीने चाललेली ही वाट थायलंडपेक्षा फार वेगळी आहे.

टिळकवाडीकर

सर्वांचे मनापासून आभार. दोन रात्री मुलाबरोबर बसून हा धागा वाचला. तिसरी नौका हवीच, असे मी सुरुवातीला ठामपणे लिहिले होते. आता हल्याळकरांच्या चार नौका मला आधी हव्या आहेत, आणि आहेत त्या दोन्ही विमानवाहू नौका विमाने, तंत्रज्ञ आणि ताफ्यासह पूर्ण सज्ज राहाव्यात असे वाटते. एक नौका दुरुस्तीला गोदीत गेली की हातात एकच उरते, हा आक्षेप मात्र माझ्या मनातून गेलेला नाही. तिसरी मी रद्द केलेली नाही, मागे ठेवली आहे.

मुलाचा आता नवा प्रश्न आहे. नाविक काका, डेकवर रंगीबेरंगी जर्सी घातलेली माणसे असतात, त्यांतल्या पिवळ्या जर्सीचे काम काय?

कंग्राळीचा नाविक

त्याला सांगा, पिवळी जर्सी घातलेला माणूस विमानाला हातवारे करून पुढे, मागे, डावीकडे, उजवीकडे नेतो. इंजिनांच्या आवाजात तोंडाने बोललेले काही ऐकू येत नाही, त्यामुळे वैमानिकाला त्याच्या हातांवरच विश्वास ठेवावा लागतो. मी निवृत्तीपर्यंत पिवळीच घातली. ती अजून ट्रंकेत घडी करून ठेवलेली आहे. एखाद्या रविवारी त्याला कंग्राळीला घेऊन या, घालून बघू दे.